बसू द्या

धर्माने वडखळच्या नाक्यावर ट्रक उभा करून डॉक्टरांना फोन लावला नसता तर पुढचं रामायण घडलंच नसतं, असं सगुणा अजून म्हणते. खरं सांगायचं तर घडलं असतंच. या घरात लग्न निघालं आणि भांडण निघालं नाही, असं नामाआज्याच्या तरुणपणापासून कधी झालेलं नाही. दर वेळी निमित्त तेवढं वेगळं. या वेळी निमित्त होतं सगुणाचा उजवा गुडघा.

त्या गुडघ्याची कथा सगळ्या खारकोंढ गावाला पाठ. सगुणा म्हणजे धर्माची बायको, नामाआज्याची थोरली सून आणि आसपासच्या गावांतली मानाची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एक वेळ भटजी उशिरा आला तर चालतं. धवलारीण आली नाही तर हळद वाटीतच राहते. पाटावर मांडी घालायची, समोर तांदळाचा चौक काढायचा आणि देवांना, घराण्यातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी हाका घालत गायचं, तो धवला. गेल्या पावसात अशाच एका लग्नाहून परतताना सगुणा टेम्पोच्या पायरीवरून घसरली ती थेट गुडघ्यावर. हाड वाचलं. पण हाडावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात बोराएवढा खड्डा पडला. बाकी गुडघा ठणठणीत, तो खड्डा तेवढा वैरी.

शिमगा झाल्यावर डॉक्टरांनी दुर्बीण घालून, सुईने त्या खड्ड्यात जेल भरलं. सुईत असताना पाण्यासारखं पातळ, आत गेलं की अंगाच्या उबेने घट्ट. तेव्हा तेजस्वीचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं होतं, म्हणजे घाई कसलीच नव्हती. तेजस्वी ही धर्माच्या धाकट्या भावाची, गणराजची लेक. पण नवरामुलगा जहाजावर कामाला. त्याच्या कंपनीने सुट्टीच अलीकडे ओढली आणि लग्न वैशाखात येऊन आदळलं. सगुणा अजून कुबड्यांवर. तेव्हा धवल्याला धर्माची बहीण रंगू बसेल असं ठरलं. रंगू थळला दिलेली, तिकडे तीही धवले म्हणायची. झालं, मिटलं होतं.

आणि मग धर्माने फोन केला.

"डाक्टर, लग्नापर्यंत बसंल ना?"

मागून एक कंटेनर हॉर्न देत होता, पुढून एसटी.

"बसेल की!" डॉक्टर तिकडून ओरडले. "कालच्या फोटोत मस्त दिसतंय. काळजी करू नका हो, छान बसेल."

धर्माचा जन्म ट्रकात गेलेला. त्याच्या लेखी गुडघा म्हणजे बुश, जेल म्हणजे ग्रीस, आणि ग्रीस भरून गाडी उभी ठेवणारा माणूस म्हणजे गाढव. आनंदाने त्याने तिथल्या तिथे, त्याच हॉर्नच्या गोंगाटात, घरच्या ग्रुपवर आवाज टाकला, "सगुणाच बसनार पाटावर. डाक्टर बोलला." पुढे हात जोडलेली चित्रं टाकली, एक नाचणारी बाई टाकली, आणि गाडी गिअरमध्ये घातली.

*

थळला रंगू तेव्हा वालाच्या शेंगा सोलत बसली होती. फोन कानाला लावून तिने तो आवाज ऐकला, पुन्हा लावून ऐकला, आणि शेंगांची सुपली बाजूला सारली.

आता रंगूची बाजू ऐकायला हवी, कारण या घरात ती कोणी ऐकत नाही. रंगूने थळमध्ये शेकड्याने धवले म्हटले. नणंदांच्या लग्नांत म्हटले, शेजारणींच्या पोरींच्या लग्नांत म्हटले, खत कारखान्यातल्या साहेबाच्या बायकोने हौसेने बोलावलं तिथेही म्हटले. पण माहेरच्या उंबऱ्याच्या आत, स्वतःच्या बापाच्या पडवीत, पाटावर बसायचं आवतण तिला कधी आलं नव्हतं. तिथे आधी आई होती आणि आईनंतर सगुणा. या वेळी आलं. तिने हिरवी साडी घेतली, ब्लाउज शिवला, आणि थळमध्ये एक घर सोडलं नाही जिथे सांगितलं नाही. ज्या एका घराशी बोलणं बंद होतं, तिथेही कुंपणावरून ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

"कानामागून आली आनि तिखट झाली," ती नवऱ्याला म्हणाली. सगुणाला या घरात येऊन पाव शतक उलटून गेलं होतं, पण रंगूच्या हिशेबात ती अजून कानामागूनच आलेली होती. "गाडी काढ. मी जाऊन येते."

"हळद उद्या हाय ना?"

"हळद उद्या. मी आज जाते."

नवऱ्याने निमूट गाडी काढली.

*

रंगू पोचली तेव्हा पडवीत सगळे होतेच. मांडवाचे खांब उभे राहत होते, डीजेवाला वायरी ओढत होता, गणराज त्याच्यावर खेकसत होता. नामाआजा झोपाळ्यावर. हा म्हातारा जन्मभर मिठाच्या आगरात राबला. आता मिठागरं गेली, त्या जागी पोरांचे ट्रक उभे राहिले, पण त्याचा आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखाच निघायचा. आणि कोपऱ्यात खुर्चीवर, पट्टा बांधलेला पाय स्टुलावर सरळ ठेवून सगुणा. ती गप्प होती. सगुणा गप्प असली की घरातली मांजरंसुद्धा उठून दुसरीकडे जातात.

"पानी देऊ?" गणराजच्या बायकोने विचारलं.

"मी पानी प्यायला न्हाय आले, वयनी. विचारायला आले." रंगू मधोमध उभी राहिली. "बाबा, मना आवतन दिलं ते काय मस्करी व्हती?"

"आगं, मी न्हाय, धर्मा…" आजा म्हणाला.

"मी न्हाय, डाक्टर…" धर्मा म्हणाला.

"डाक्टर कदीपासून धवल्याचा मानकरी झाला? त्याच्या आयशीनं म्हनलेला काय धवला?"

"तसं न्हाय रंगू. तिचं बरं झालं तर तिचाच मान ना? पंचक्रोशी वळखते तिला."

"नि मना? मना भाजीवाली वळखते काय?"

गणराज वायरी सोडून पुढे आला. त्याने दादाची बाजू घ्यावी असा शिरस्ता, कारण ट्रक दादाच्या नावावर. पण त्याच्या बायकोने डोळे मोठे केले. तिला सगुणाच्या हाताखालून सुटका हवी होती, ती कैक वर्षांपासून. "दादा," गणराज म्हणाला, "रंगूताईला शब्द दिला तो दिला. आपन शब्दाची मानसं."

"तू बोलतोस हे? दोन गाड्यांचं डिझेल माझ्या नावावर भरनारा?"

"डिझेल मधे कुठं आलं!"

"बास!" आजा ओरडला, तसा डीजेवालाही थांबला. "सगुने, तू बोल. तुझा गुडघा, तू सांग. बसशील?"

सगुणाने पदर सारखा केला. "डाक्टर बोललेत तर बसंन."

आता हे वाक्य कसं होतं पाहा. खोटं नव्हतं. पण दवाखान्यातून सोडताना तिला स्वच्छ सांगितलेलं होतं की पायावर भार नको आणि मांडी तर पुढचे कित्येक महिने नाही. ते ती विसरली नव्हती. पण लग्न झाल्यापासून नवऱ्याने आणलेली ही पहिलीच चांगली बातमी, ती आपण होऊन खोटी कशाला पाडायची? शिवाय पाय सरळ ठेवून महिना काढलेल्या माणसाला विचारा. पुतणी पाणी आणून देते, जाऊ केस विंचरून देते, सगळे येता-जाता "कसं हाय?" विचारतात, आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. पाटावर बसलेल्या सगुणाचं मात्र नवऱ्यामुलीच्या बापालाही ऐकावं लागतं. तिला तो पाट हवा होता. गुडघ्याची भीती होती, पण पाट जास्त हवा होता.

"ऐकलंस?" धर्मा रंगूला म्हणाला.

"ऐकलं. आनि आता उद्या थळची मानसं येतील, ती पन ऐकतील. रंगू आली, नि येका कोपऱ्यात वाटी धरून बसली."

तिचा आवाज शेवटाला चिरकला.

*

अशा वेळी प्राप्ती आली. धर्मा-सगुणाची ही लेक, नवी मुंबईला एका प्रयोगशाळेत नोकरीला, आणि नोकरी कशाची, तर अशीच जेलं बनवून तपासायची. आईच्या गुडघ्यात गेलेलं जेल तिच्या प्रयोगशाळेतलं नव्हतं, पण आईला त्या डॉक्टरांकडे नेली होती तिनेच. रिक्षातून उतरली, बॅग टेकवली आणि विचारलं, "काय चाललंय? डीजे का बंद आहे?"

तिला सगळ्यांनी एकदम सांगितलं. तरी तिला कळलं, कारण ती याच घरात वाढलेली.

"मांडी?" ती किंचाळली. "आई मांडी घालणार? पप्पा, तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"ग्रीस भरलंय आता…"

"ग्रीस नाहीये ते! किती वेळा सांगू!"

"मंग काय हाय?" आजाने विचारलं. "मना कोनी नीट सांगितलंच न्हाय. पातळ घातलं नि गरमीनं घट्ट झालं, येवडंच कळलं. म्हंजे खरवस."

प्राप्ती हसली. "आजा, खरवसच समजा. उबेने धरतं, सेम. पण तो खरवस खड्डा भरायला नाही घातलेला. तो नुसता…" तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मांडवाच्या खांबाला हात लावला. "हा मांडव आहे ना, तसा. मांडव म्हणजे काय लग्न नव्हे. पण मांडव घातला की वऱ्हाड येऊन बसतं. तसं जेल घातलं की आईच्याच अंगातल्या पेशी आत येतात, हळूहळू नवी कूर्चा तयार करतात. काम झालं की जेल आपोआप विरघळून जातं. मांडव उतरवला."

"मस्त हाय," आजा म्हणाला. त्याला मनापासून आवडलं. "नि आता कुठवर आलं?"

"आता खांब उभे राहिलेत. वऱ्हाड अर्ध्या वाटेवर आहे. आणि तुम्ही म्हणताय, चला, याच मांडवात डीजे लावून नाचू या."

आजाने मान हलवली. पण धर्मा सहजी हरणारा नव्हता. "तुमी हे कोनावर करून बघितलंत? मानसांवर?"

"आमच्या लॅबमध्ये? बकऱ्यांवर. बकऱ्यांच्या गुडघ्यात घातलं, सहा महिन्यांनी बघितलं, एकदम छान भरून आलं होतं."

"बकरा," आजा शांतपणे म्हणाला, "मांडी घालून बसत न्हाय."

पडवी खदखदली. रंगूलासुद्धा हसू आलं आणि तिने ते पदराने पुसलं. रागावून आलेल्या माणसाला हसवणं हा आजाचा जुना धंदा, तो काही मिठागरांबरोबर बसला नाही.

"थांबा," प्राप्ती म्हणाली. "डॉक्टर असं बोलूच शकत नाहीत." तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि झोपाळ्याच्या कडीशी धरला. सगळे भोवती जमले. डीजेवालाही.

"डॉक्टर, पप्पांना तुम्ही सांगितलंत का, की आई लग्नात बसेल?"

"बसेल म्हणजे?"

"पाटावर. जमिनीवर. मांडी घालून."

डॉक्टर पलीकडून म्हणाले, "अहो, मी जेल बसेल म्हणालो! त्यांनी विचारलं, लग्नापर्यंत बसेल ना? मला वाटलं, जेलचं विचारतायत. बाई बसेल असं मी कशाला म्हणेन? मी काय वेडा आहे?"

सगळ्यांच्या माना धर्माकडे वळल्या.

"म्हंजे," आजा सावकाश म्हणाला, "हा विचारत व्हता बायकू बसंल का, नि तो सांगत व्हता औषध बसंल."

"आता मराठीत दोगांना येकच शबुद, त्याला मी काय करनार!" धर्मा कळवळला. "आवाज बसतो, धंदा बसतो, गाडी गाळात बसते, आमी पोरं शनवारी बसतो, त्यात बायकू बसली तर माझं काय चुकलं?"

"शनवारी बसता?" सगुणाने पहिल्यांदाच मान वर केली.

"ते… ते मागं. पूर्वी."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," आजा म्हणाला. "म्हन ऐकली व्हती. घरातच बघायला मिळंल, वाटलं न्हवतं."

डॉक्टर अजून फोनवरच होते. "ताई, ऐका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला तसे सगळे फोनकडे वाकले. "आता तुम्ही गुडघा पूर्ण दुमडून बसलात तर ते निखळू शकतं. निखळलं तर पुन्हा भरता येईलच असं मी सांगू शकत नाही, खड्डा मोठा होतो. पुढे सांधा बदलायची पाळी आली तर चालाल, फिराल, पण जमिनीवर मांडी विसरा. कायमची. आत्ता धीर धरलात तर पुढच्या वैशाखात बसाल, असा माझा अंदाज आहे. म्हणून म्हणतो, त्याला बसू द्या. तुम्ही नका बसू."

*

फोन बंद झाला. सगुणाला एकदम उकडायला लागलं.

ती सगळ्यांची तोंडं बघत होती. जाऊ, गणराजची बायको, चेहरा दुःखी ठेवायची शिकस्त करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. गणराज वायरीकडे गेला. धर्मा जमिनीकडे बघत होता. मघाशी तो तिच्या बाजूने होता, आता कोणाच्याच बाजूने नव्हता. आणि रंगू पाटाकडे बघत होती. शिसवी पाट भिंतीशी उभा करून ठेवलेला, उद्यासाठी पुसून.

"मी बसनार," सगुणा म्हणाली.

"आई!"

"येक दिवस. काय व्हायचं ते व्हऊ दे. आमच्या घरात पोरीचं लग्न नि मी खुर्चीवर बघत बसू? मेलेली बरी."

"सगुने, डोकं ठिकानावर हाय?" धर्मा म्हणाला. "नंतर कदीच न्हाय बसता येनार, बोलला ना तो?"

"तुमाला आता ऐकू आलं सगळं? मघाशी हॉर्न वाजत व्हता."

धर्मा खाली वाकून वायर गुंडाळायला लागला.

हाताला मेंदी लावून आत कोंडलेली तेजस्वी एवढा वेळ दारातून ऐकत होती. तिला राहवेना. दोन्ही हात पुढे धरून, कोपराने पडदा सारून ती बाहेर आली. "काकी, तू खुर्चीवर बसूनच म्हण ना. कोण बघतंय?"

"देव बघतात," सगुणा म्हणाली.

"देवांना खुर्चीवरनं धवला घालत न्हाईत," रंगू त्याच दमात म्हणाली. "जमिनीला लागून बसायचं नि मंग हाक मारायची."

"बरं, मग असं करू. माझ्या मैत्रिणीच्या, पेणला दिलेल्या आरोहीच्या लग्नात काकीने म्हटलेलं सगळं माझ्या मोबाईलमध्ये आहे. डीजेवाले दादा ब्लूटूथवर लावतील. आवाज पण मोठा येईल."

"ब्लूटूथवर!" दोघी एकदम ओरडल्या.

"धवला काय पिक्चरचं गानं हाय?" सगुणा.

"नावं आरोहीच्या सासरची, नि लगीन तुझं? कोनचे पूर्वज येनार उठून?" रंगू.

"पेनवाल्यांचे!" सगुणा.

"पेनवाल्यांचे येतील नि जेवून जातील!" रंगू.

तेजस्वी घाबरून मेंदीसकट आत पळाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, एकमत झाल्याचं दोघींच्याही लक्षात आलं, आणि दोघींनी तोंडं फिरवली.

मग सगुणाने मोठा श्वास घेतला. प्राप्तीने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिने काढला नाही. पुढच्या वैशाखात, असं तो डॉक्टर म्हणाला होता. पुढच्या वैशाखात कोणाचं लग्न असेल, आणि तोवर गावाला रंगूच्या आवाजाची सवय लागलेली असेल.

"घे," ती म्हणाली. "घे गो तो पाट. तुझा. सांग जाऊन थळला."

रंगू जागची हलली नाही.

"घे ना. याच्यासाठीच आलीस ना धावत?"

"नको मना."

"आता नको?" आजा झोपाळ्यावरून वाकला. "आगं, मघाशी घर डोक्यावर घेतलंस."

"मघाशी रागात व्हते. आवतन आलं तवा हौसंत सुचलं न्हाय." रंगू खांबाला टेकली. उत्तर देताना तिने सगळ्यांना वगळून फक्त सगुणाकडे पाहिलं. "बाकी सगळं येतं मना. देवांचं येतं, हळदीचं येतं, तेलाचं येतं. या घरचा धवला न्हाय येत. खाऱ्या पान्याचा. तो म्हनल्याबिगर या घरची न्हवरी उठत न्हाय, पन म्हनतात तोंडातल्या तोंडात, माझ्या लग्नात पन मना शबुद कळला न्हाय. तो मना आयेनं दिला न्हाय. तुला दिला."

दाराचा पडदा पुन्हा हलला.

"मी इतंच व्हते," रंगू म्हणाली. "माझं लगीन व्हायचं व्हतं, तू नवीन आलेली. आय तुला घेऊन माजघरात बसायची नि मना विहिरीवर धाडायची. घडे भरलेले असले तरी धाडायची. मी उंबऱ्याशी आले की गप व्हायची. मी काय चोर व्हते? तिची लेक व्हते मी."

"ती बोलायची," सगुणा हळू म्हणाली, "लेक परघरची. घरचा धवला घरात राहिला पायजे."

"म्हाईत हाय. सगळी कारनं म्हाईत हायेत मना. तरी लागायचं ते लागतंच ना?"

आजाने झोपाळा थांबवला. बायकोची बाजू घ्यावी की लेकीची, हे त्याला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं आणि आताही येईना.

सासू जाऊन किती वर्षं झाली, पण तिला दिलेला शब्द सगुणाने मोडला नव्हता. प्राप्तीलाही धवला शिकवला नव्हता, तीही उद्या परघरी जायची म्हणून. आवाज रंगूचा चांगला, हे सगुणाला ठाऊक होतं. पाठांतर रंगूचं जास्त, हेही ठाऊक होतं. रंगूकडे नाही आणि आपल्याकडे आहे असं आख्ख्या जन्मात तिच्यापाशी एकच होतं, हा धवला. तो दिला की संपलं. तिला तो द्यायचा नव्हता. रंगूचा चेहरा मात्र तिला बघवत नव्हता.

"धर्मादादा," रंगू म्हणाली, "दुसरी कोनी बघा. अजून सांज हाय, पेझारीला येक हाय म्हनतात."

"पेझारीची!" सगुणा कडाडली. "ती ताल सोडून गाते. या घरात पेझारीची बसंल? चल, ये इकडं. प्राप्ती, तिला स्टूल दे."

"कशाला?"

"ये म्हनते ना. ऐक नि धर. येकदाच म्हननार."

रंगू आली. अवघडून, स्टुलाच्या कडेवर टेकली. सगुणाने घसा साफ केला आणि डोळे मिटून सुरुवात केली. मघाच्या भांडणाने आवाज जड झाला होता, पण सूर जागच्या जागी होता.

"खारं गो पानी, उंबऱ्याशी आलं,
उंबऱ्याशी आलं, न्हवरीचं पाय धुतलं."

"खारं गो पानी," रंगूने धरलं. पहिली ओळ नीट गेली. दुसरी म्हणताना तिच्या कपाळाला आठी पडली.

"चुकलीस काय?"

"न्हाय. म्हन पुढं."

"पाय गो धुतलं, माघारी फिरलं,
माघारी फिरलं, आज्याच्या आगरी गेलं."

रंगूने ती ओळ सगुणाच्या मागून म्हटली नाही, बरोबरच म्हटली. शेवटचा शब्द तर सगुणाच्या आधी तिच्या तोंडून निघाला.

"तुला येतं तर!" सगुणाने डोळे उघडले. "मंग मघापासून काय नाटक…"

"न्हाय येत. आईशप्पत न्हाय." रंगू गोंधळली होती. "हे… वयनी, ही तर अंगाई हाय. मी लहान असताना आय मना थोपटताना म्हनायची. मिठागरात, झापाखाली. सावकाश म्हनायची, अशी न्हाय."

"अंगाई कसली? घरचा धवला हाय हा. झाला. येवडाच."

"येवडाच न्हाय."

"रंगू, मना शिकवू नको. तुझ्या आयेनं मना समोर बसवून दिलाय."

पण रंगूचं लक्ष नव्हतं. तिचा हात आपोआप स्वतःच्या मांडीवर थोपटायला लागला होता, आणि त्या तालावर ती पुढे गेली, अगदी हळू.

"आगरी गेलं, मीठ होऊन राहिलं,
लेक गेली परघरी, तिची चव इथं राहिली."

आजाने तोंडावर हात घेतला. धर्मा उठून उगाचच खांब तपासायला गेला. रंगूला आपण काय म्हटलं ते म्हणून झाल्यावर कळलं, आणि ती तिथेच स्टुलावर तोंड झाकून रडायला लागली, लहान पोरीसारखी, आवाज करून.

सगुणाने पाय सरळ ठेवूनच खुर्चीतून जमेल तितकं वाकून तिचा हात धरला. तिच्या ओठांवर ती ओळ येऊन अडत होती. सासूने तिला सगळा धवला दिला होता, आणि तरी सगळा दिला नव्हता.

"परत म्हन," ती म्हणाली. "हळू म्हन, रंगू. मना न्हाय येत हे."